कागदापासून हिऱ्यापर्यंतची ती यादी उलटी आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत लग्नाच्या वाढदिवसांची एक चौकट छापून आली होती, कितव्या वर्षी कशाची भेट द्यायची त्याची. पहिल्या वर्षी कागद, दुसऱ्याला सुती कापड, तिसऱ्याला चामडं, पाचव्याला लाकूड, सातव्याला लोकर, दहाव्याला कथील, अकराव्याला स्टील, बाराव्याला रेशीम, पंधराव्याला काच म्हणजे ती भारीतली क्रिस्टलची, मग पंचविसाव्याला चांदी, पन्नासाव्याला सोनं आणि साठाव्याला हिरा. खाली दोन ओळी होत्या की प्रेम वर्षागणिक कसं जास्त टणक आणि जास्त मौल्यवान होत जातं ते या यादीवरून दिसतं. माझ्याकडे ब्लाऊज टाकायला येणाऱ्या दोघीतिघींनी त्या चौकटीचा फोटो काढून ठेवलाय आणि एकीने तर तो नवऱ्याला पाठवला पण, म्हणून म्हटलं लिहावंच. मला ती यादी उलटी वाटते.

मी सोलापूरची. घरीच पिको-फॉल, ब्लाऊज, ड्रेस शिवते, चाटी गल्लीतनं साडी घेतली की बऱ्याच बायका पिशवी घेऊन सरळ माझ्याकडेच येतात. आमचे हे गिरणीत होते, गिरणी बंद पडली तोपर्यंत. ते कापड अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून सांगायचे की हे चाळीसचं सूत, हे साठचं, आणि ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते की सुताचा नंबर जितका मोठा तितकं ते बारीक असतं, जाड नाही. आमच्या दोघांत प्रेमाबिमाचं बोलणं कधी झालं नाही हो पण कापडाचं रोज व्हायचं, जेवताना पण व्हायचं. त्यामुळे मला जे काय थोडंफार कळतं ते कापडातनंच कळतं, दुसरं काही शिकले नाही.

आधी त्या यादीचं सांगते. भाचीला म्हटलं बघ गं ही कुठनं आली, तिने मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं. १९२२ मध्ये एमिली पोस्ट नावाच्या अमेरिकन बाईंनी चालीरीतींच्या पुस्तकात यादी दिली होती ती फक्त आठ वाढदिवसांची, कागद, लाकूड, कथील, क्रिस्टल, चिनी माती, चांदी, सोनं, हिरा एवढीच. मग १९३७ मध्ये तिकडच्या किरकोळ जवाहिऱ्यांच्या संघटनेने ती वाढवून अजून बऱ्याच वर्षांना काही ना काही चिकटवलं. जवाहिऱ्यांच्या! आता जवाहिऱ्यांनी यादी वाढवल्यावर ती शेवटी चांदी सोनं हिऱ्यावरच जाणार की, शेपूच्या जुडीवर थोडीच जाणार आहे. हिरा तर आधी ७५ व्या वर्षाला होता, १८९७ मध्ये इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीला गादीवर येऊन ६० वर्षं झाली तेव्हा तिचा हीरक महोत्सव साठालाच केला आणि मग लग्नातला हिरा पण साठावर आला. म्हणजे पंधरा वर्षं आधी गिऱ्हाईक. धंदा आहे, त्यांनी करावा, मी पण धंदाच करते. पण त्यावरनं प्रेम कसं असतं ते शिकवायला निघालात म्हणून माझा आक्षेप.

आता कापडाचं. नवीन सुती साडी हातात घेतली की कडक लागते ना, बायका खूश होतात, म्हणतात काय कडक माल आहे. अहो तो कडकपणा खळीचा असतो. मागावर चढवायच्या आधी ताण्याच्या म्हणजे उभ्या सुताला खळ देतात, सायझिंग म्हणतात त्याला, कारण मागावर ते सूत इतक्या वेळा ओढलं जातं घासलं जातं की खळ नसेल तर तुटून जाईल, आणि मग तयार झाल्यावर दुकानात जायच्या आधी परत वरनं चकाकी देतात ती वेगळी. खळीला नावं ठेवायचं कारण नाही, विणून होईपर्यंत तिनेच सुताला सांभाळलेलं असतं. पण ती राहायला आलेली नसते. एक पाणी बसलं, दोन पाणी बसलं की जाते आणि मग खाली कापड काय आहे ते पहिल्यांदा हाताला लागतं. साखरपुडा ते पहिला दिवाळसण हा सगळा खळीचा काळ. लग्नाला सहा-आठ महिने झाले की पोरी येतात ड्रेसचं माप द्यायला, मापाच्या टेपमध्ये उभ्या असताना बायका खूप बोलतात बरं का, आणि म्हणतात काकू आता पहिल्यासारखं नाही राहिलं हो, फोन पण पहिल्यासारखे करत नाहीत. मी म्हणते बाई खळ गेली तुझी, कापड अजून बघायचंय.

रंगाचं पण तसंच, गडद लाल, गडद हिरवा पहिल्या काही धुण्यात रंग सोडतोच, तेव्हा वेगळं भिजवायचं एवढं साधं आहे, त्यात घाबरायचं काही नाही. सासरचे सगळे एका बादलीत भिजत घालतात तिथे घोळ होतो. असो.

मला खरं लिहायचंय ते अस्तराचं. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं हे तुम्हाला माहीतच असेल, म्हणून माझ्याकडे ब्लाऊजपीस आणि अस्तर आलं की अस्तर मी आधी पाण्यात भिजत टाकते, वाळवते, इस्त्री मारते आणि मगच कापते. घाईत शिवणारे हे करत नाहीत, लग्नसराईत तर कुणीच करत नाही. मग होतं काय की वरचं कापड सिल्कचं नाहीतर पॉलिस्टरचं, ते फारसं आटत नाही, आतलं सुती अस्तर पहिल्याच धुण्यात आटतं आणि ब्लाऊज घातला की बगलेत ओढतो, पाठीवर चुण्या पडतात, गळा वर सरकतो. बाई म्हणते कापड खराब निघालं. कापड दोन्ही चांगलं असतं हो. एक आटलं, एक नाही आटलं आणि आपण त्यांना एकत्र शिवून बसलोय, एवढंच झालेलं असतं. इतक्या पत्रिका बघतात, छत्तीस गुण मोजतात, मुलाचं पॅकेज विचारतात, मुलीचा रंग बघतात, हॉल एक वर्ष आधी बुक करतात, पण कोण किती आटणार आहे हे कापायच्या आधी कुणी पाण्यात घालून बघत नाही. आणि आमच्याकडे आटायचं काम बहुतेक अस्तराकडेच असतं. वरचं कापड तसंच्या तसं मिरवतं, कारण ते लोकांना दिसतं ना. नोकरी कुणी सोडायची, गाव कुणी सोडायचं, सणाला कुणाच्या आईकडे जायचं नाही हे सगळं कुठल्या बाजूला आटतं ते तुम्हीच बघा. मी पोरींना सांगते की लग्नाआधी कुठेतरी एकत्र काम करून बघा, एखाद्या आजारी माणसाजवळ दवाखान्यात रात्रभर दोघं बसून बघा, एखादा प्रवास रिझर्वेशन नसताना करून बघा, कॉफी पिऊन काही कळत नाही.

सोलापुरात राहून टॉवेलवर चार ओळी लिहिल्या नाहीत तर लोक हसतील. आमचा टॉवेल आणि आमची चादर सगळीकडे जाते, चादरीला तर जीआय पण आहे, म्हणजे ती या गावचीच अशी सरकारी नोंद. आता नवा कोरा टॉवेल वापरून बघा, तो पाणी पुसत नाही, अंगावर नुसतं इकडनं तिकडे फिरवतो. दोन-चार वेळा धुतला की त्यातले ते बारीक बारीक लूप मोकळे होतात आणि मग प्यायला लागतो. नवरा-बायकोचं मधलं सगळं आयुष्य या टॉवेलचं असतं असं मला वाटतं, पोरं, शाळेची फी, सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाचं काय कुणाचं काय, दिवसभर ओलं झालेलं एकमेकांनी टिपून घ्यायचं. दिसायला काहीच नसतं त्यात, दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलचा कुणी फोटो काढत नाही. आणि एक गंमत सांगते, हल्ली ते मशीनमध्ये घालायचं कापड मऊ करायचं लिक्विड मिळतं, वास छान येतो त्याचा, ते सारखं घातलं की टॉवेल हाताला एकदम मऊ लागतो पण त्याची पाणी प्यायची ताकद कमी होते कारण त्या लूपवर त्याचा थर बसतो. व्हॉट्सअपच्या स्टेटसवर बायकोला माय क्वीन लिहिणारी आणि घरी तिला ताप आला तर दही कुठे ठेवलंय म्हणून विचारणारी माणसं बघितली की मला ते लिक्विडच आठवतं.

सत्तर-ऐंशीच्या दशकात टेरिकॉट टेरिलीनची केवढी फॅशन होती, चुरगळत नाही, इस्त्री नको, रात्री धुतलं सकाळी घातलं. ते कापड वर्षानुवर्षं तसंच राहतं हे खरंच आहे, पण तसंच राहतं म्हणजे उन्हाळ्यात घाम पण पहिल्या दिवशी जसा पीत नव्हतं तसाच दहा वर्षांनी पण पीत नाही. अशी जोडपी पण असतात, कधी भांडण नाही, कधी सुरकुती नाही, बघणाऱ्याला आदर्श. सोलापूरच्या मे महिन्यात घालून बघा म्हणावं.

आणि आता माझ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी तयार कपड्यात तुम्हाला सापडणार नाही. ब्लाऊजच्या बाजूच्या शिवणीत मी आत चांगली बोटभर माया, म्हणजे जादा कापड, ठेवते आणि टीपा पण दोन-तीन मारते, एकीच्या बाहेर एक, म्हणजे अंग भरलं की आतली एक टीप उसवली की झालं, ब्लाऊज अर्धा इंच मोठा. तयार ब्लाऊज उलटा करून बघा, कापड वाचवायला शिवणीच्या अगदी कडेला कापून ओव्हरलॉक मारलेलं असतं, आत माया नाहीच. दिसायला बाहेरनं एकदम परफेक्ट फिटिंग. पण बाळंतपणानंतर तो ब्लाऊज घेऊन बाई आली की मला सांगावं लागतं की ताई यात काही करता येत नाही, सोडायला आत काही ठेवलेलंच नाही. हल्लीची लग्नं बघते मी, सगळं इतकं मापात असतं की काय सांगू, तू इतका पगार देणार, मी इतकी कामं करणार, शनिवार तुझ्याकडचा रविवार माझ्याकडचा, यात चूक काही नाही, हिशेब असावाच. पण माणूस वाढतं हो. वजनानेच वाढतं असं नाही, कुणी चाळिशीत अचानक देवाधर्माला लागतं, कुणाची नोकरी जाते, कुणाला परत शिकावंसं वाटतं, कुणाचा भाऊ कर्ज करून ठेवतो आणि घरी येऊन राहतो. तेव्हा शिवण कुठे उसवायची?

लग्नातला ब्लाऊज पंधरा-वीस वर्षांनी मोठा करायला आणतात ना बायका, मुलीच्या नाहीतर पुतणीच्या लग्नात तीच साडी नेसायची असते, तेव्हा ती बाजूची टीप उसवली की आतली माया उघडी पडते आणि तिचा रंग बघून त्या चकित होतात. बाहेरचं सगळं उन्हाने घामाने धुण्याने फिकं झालेलं असतं आणि ती आतली पट्टी अगदी दुकानातनं आणली तशी गडद, लाल तर लाल, राणी तर राणी. जुन्या सुईची भोकं पण दिसतात ओळीने. मग म्हणतात काकू पण हा पट्टा वेगळा दिसेल की. दिसतोच. हाताखाली जातो, कुणी बघत नाही, फक्त घालणारीला माहीत असतं.

फाटतं पण, सगळंच फाटतं. तिथे दोन प्रकार आहेत, ठिगळ आणि रफू. ठिगळाला मी नावं ठेवत नाही, कामाच्या कपड्याला ठिगळच बरं, पटकन होतं आणि टिकतं. पण रफूवाल्याकडे तुम्ही लोकरी पॅन्ट नाहीतर शाल घेऊन गेलात तर तो आधी कपडा उलटा करतो आणि आतली दुमड, शिवण चाचपतो, कारण चांगली रफू बाहेरच्या धाग्याने होत नाही. कितीही मॅचिंग रील आणा, उजेडात वेगळं दिसतंच. तो त्याच कपड्याच्या आतल्या कडेचे धागे एक एक करून ओढून काढतो आणि त्याच धाग्यांनी भोकावर परत ताणा-बाणा विणतो, एक खालनं एक वरनं. वेळ लागतो, डोळे जातात, पैसे पण मागतो. भांडण झालं की नवरा नवीन साडी आणून देतो ते ठिगळ, चालतंय की, दोन दिवस बरं वाटतं. पण ज्या गोष्टीवरनं फाटलं ती गोष्ट दोघांनी मिळून परत उसवून, तुझं काय चुकलं माझं काय चुकलं, आपण पहिल्यांदा त्या भाड्याच्या खोलीत राहत होतो तेव्हा तू असा नव्हतास, असं जुनं आतलं काढून काढून जे जोडतात ते टिकतं. आमच्या ह्यांची गिरणी बंद पडली तेव्हाची दोन वर्षं मी याच्यातच काढली, जास्त लिहीत नाही.

रेशमाला यादीत बारावं वर्ष दिलंय. पैठणी घ्या, येवल्याची हातमागावरची, बाईला तिच्याइतकं कौतुक दुसऱ्या कशाचंच नसतं आणि असायलाच पाहिजे, पदर उलटा केला तरी सुलट्यासारखाच दिसतो इतकं ते स्वच्छ काम असतं, २०१० मध्ये तिला जीआय मिळालं. पण कपाटात ठेवलेल्या पैठणीचं काय होतं ते मी बघते ना. वर्षानुवर्षं त्याच एका घडीत, डांबराच्या गोळ्या टाकून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेली असते, कुठे नेसायची तर म्हणे एवढी भारी, पावसात नको, गर्दीत नको, जेवणाच्या पंगतीत नको. आणि मग नातीच्या बारशाला काढतात तर घडीवर जर काळी पडलेली आणि रेशीम घडी-घडीवरच चिरलेलं. न वापरता फाटलेली साडी! दर काही महिन्यांनी बाहेर काढून घडी बदलायला पाहिजे, मलमलच्या कपड्यात गुंडाळायला पाहिजे, हवा लागायला पाहिजे, आणि मुख्य म्हणजे नेसायला पाहिजे. फोटोच्या अल्बममधलं प्रेम जपून जपून ठेवणाऱ्यांनी एवढं वाचावं.

लोकरीला सातवं वर्ष दिलंय ते मला सगळ्यात जास्त खटकलं. आमच्या बाजूला लोकर म्हणजे घोंगडी, सांगोला, आटपाडी, माण या पट्ट्यातली, दख्खनी मेंढीच्या लोकरीची, धनगरांनी मेंढरं राखायची आणि सणगरांनी विणायची, आणि त्याच्या ताण्याला खळ पण चिंचोक्याची देतात. पंढरीच्या वारीला जाऊन आलेल्या कितीतरी घरात ती असते. पहिल्यांदा अंगावर घेतली की टोचते बघा, मानेला तर अक्षरशः काट्यासारखी, आणि वास येतो तो वेगळाच. नवीन माणसाला वाटतं हे काय पांघरायचं. पण वर्षं गेली की तीच मऊ पडत जाते, आणि पावसात डोक्यावरनं खोळ घेऊन उभं राहिलात तर पाणी बराच वेळ आत येऊ देत नाही. आमच्या आईवडिलांच्या पिढीतली बरीच लग्नं घोंगडीसारखी झाली, मुलीने मुलाला नीट बघितलं पण नव्हतं, पहिली काही वर्षं नुसतं टोचणं. सगळ्यांची मऊ झाली असं मात्र कुणी म्हणू नका. काहींच्या मानेवर जन्मभर वळ राहिले, आणि घरातले म्हणत राहिले की होईल होईल, सवय होईल.

यासाठीच खालचं जरा नीट छापा. लोकांना वाटेल मी म्हणतेय मऊ झालं म्हणजे प्रेम पिकलं. नाही. माझ्याकडे जुन्या साड्या येतात गोधडी शिवायला, हाताला सगळ्या सारख्याच मऊ लागतात, डोळे मिटून सांगता येणार नाही कुठली कशी. पण मऊ होण्याचे दोन रस्ते आहेत. एक साडी रोज नेसून, हाताने चोळून धुवून, सावलीत वाळवून मऊ होते. दुसरी दगडावर आपटून, धोपटण्याने बडवून, कडक उन्हात तापवून मऊ होते, ती खरं म्हणजे मऊ झालेली नसते, विरलेली असते. फरक बघायचा असेल तर उजेडाला धरायची. विरलेल्या साडीतनं पलीकडचं सगळं दिसतं, सुतं सरकलेली असतात, आणि दोन्ही हातांनी आडवी जराशी ताणली तरी चर्र आवाज येतो. अशी साडी गोधडीत घातली तर पहिल्या थंडीतच आतल्या आत फाटते आणि वरनं कळत पण नाही. आमच्यात बायकांना म्हणायची पद्धत आहे, किती सोशिक आहे हो, किती मऊ स्वभाव, कधी उलटून बोलत नाही. मी तिला उजेडाला धरून बघते. बोलताना नवऱ्याचा फोन आला की तिचा चेहरा कसा होतो, ब्लाऊजचा हात कोपरापर्यंत लांब का सांगतेय, माप घेताना दंडाला टेप लागली की दचकते का. २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, १८१ हा बायकांच्या मदतीचा फोन नंबर आहे, हे मी माझ्या मशीनसमोर एका कागदावर लिहून चिकटवलंय, कुणाला काही विचारत नाही, ज्यांना वाचायचं त्या वाचतात. तुमच्या चौकटीत चांदीचा पंचविसावा वाढदिवस साजरा करणाऱ्यांत अशा विरलेल्या किती असतील त्यांच्या वर्षांवरनं काही कळत नाही, वर्षं तर दोघींची सारखीच भरतात.

आणि म्हणून मला यादी उलटी वाटते. कागदावरनं निघून तुम्ही जसजसे पुढे जाता तसतशा वस्तू टणक होत जातात, चांदी, माणिक, सोनं, हिरा. हिऱ्याला तुम्ही पन्नास वर्षं रोज हात लावा, तो होता तसाच राहणार, तीच त्याची किंमत आहे म्हणे. कापड तसं नाही, ज्याने वापरलं त्याच्या अंगाचं होतं, कोपरावर फुगतं, गुडघ्यावर बसतं, एकाचा शर्ट दुसऱ्याने घातला की लगेच कळतं. मला विचाराल तर सुती कापडाला दुसऱ्या वर्षावरनं काढून पन्नासाव्या वर्षाला नेऊन ठेवा आणि हिरा पहिल्या वर्षी द्या, नाहीतरी आजकाल साखरपुड्यातच देतात. सोन्याचं म्हणाल तर अंगावरचं सोनं पण वापराने झिजतंच की, मंगळसूत्राच्या वाट्या सोनाराकडे नेल्या की तो वजन करून सांगतो किती घट आली ते, बायका हळहळतात. मला नाही वाटत त्यात हळहळण्यासारखं काही आहे, लॉकरमधलं झिजत नाही. आणि अकराव्या वर्षीच्या स्टीलबद्दल बोलायचं तर ते आमच्याकडे बोहारीण केव्हाच देऊन गेलीय, दोन चांगल्या इरकली आणि ह्यांच्या तीन पॅन्टी घेऊन एक डबा, ती घासाघीस मी अजून विसरले नाही.

भाची म्हणाली मावशी तू टीका केलीस, आता काय छापायचं ते पण सांग ना. तर सांगते. तुमचे वार्ताहर प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना सांगा की आपापल्या गावात रफू करणारे कुठे बसतात, कुठल्या गल्लीत, काय घेतात, किती दिवसांत देतात ते लिहून पाठवा. पैठणीचा चिरलेला पदर काढून नव्या साडीला लावून देणारे कोण आहेत. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या हाताने धावदोरा घालून कोण शिवून देतं, कारण मशीनवर शिवलेल्या गोधडीचं आणि हाताच्या गोधडीचं अंगावर घेतल्यावरच कळतं. आमच्या भागातले जुने रफूवाले आता थकलेत, त्यांच्या पोरांनी मोबाईलची दुकानं टाकलीत, आणि बायका मला विचारतात की काकू ह्यांच्या लग्नातल्या कोटाला भोक पडलंय कुणाकडे देऊ, मला नाव सांगता येत नाही. ही यादी छापली तर माझ्याकडच्या बायका नुसता फोटो काढून थांबणार नाहीत, कापून कपाटाच्या दाराला आतनं चिकटवतील.

पत्र फार लांबलंय हे मला कळतंय. जागा कमी असेल तर पैठणीचा भाग काढा, टेरिकॉटचा पण काढला तरी चालेल. अस्तर भिजवायचं तेवढं ठेवा, लग्नसराई तोंडावर आलीय आणि सगळे घाईत शिवायला बसलेत.

आपली एक नियमित वाचक,
पिको-फॉल आणि ब्लाऊजवाली, सोलापूर